नव्वद सेंटिमीटरांची चूक

रस्त्याच्या कडेस उभे राहून एखादा अवजड ट्रेलर जाताना पाहिला, म्हणजे आपण मुले काय करतो? त्याची चाके मोजतो. मीही लहानपणी तेच करीत असे. इतकी चाके आहेत, तेव्हा ओझे त्या सर्वांत आपोआप सारखे वाटले जात असेल, अशी माझी भाबडी समजूत होती. ओझे आपोआप वाटले जात नाही, ते वाटावे लागते. आणि वाटणारा चुकला तर त्याचे प्रायश्चित्त भलत्यालाच घ्यावे लागते, हे मला २०२३ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत कळून आले. ती हकीकत सांगण्यात मला काही भूषण नाही. तथापि जी चूक मी केली तिच्याहून मोठी चूक ती लपविण्यात होती, हे माझ्या शाळाबंधूंस व भगिनींस सांगावे असे वाटते, म्हणून हा लेख.

माझे मामा अवजड मालाचा ट्रेलर चालवितात. नववीची परीक्षा आटोपल्यावर मी आजोळी गेलो आणि त्यांच्याबरोबर एक खेप करण्याचा हट्ट धरला. आईने नाखुशीनेच होकार दिला. खेप होती चाकणहून कोल्हापूरकडे, आणि माल होता एक ऐरण. ऐरण म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गावच्या लोहाराची ऐरण उभी राहते. ही मात्र कारखान्यातील घणयंत्राखाली बसवावयाची होती. लांबी २.४ मीटर, रुंदी १.६ मीटर, उंची १ मीटर. एवढासा तो पोलादी ठोकळा. आमच्या वर्गातील गुरुजींच्या मेजाहून थोडा मोठा. परंतु एक घनमीटर पोलाद पावणेआठ टनांहून थोडे अधिकच भरते. तेव्हा ज्यांस गुणाकार येतो त्यांनी करून पाहावा. त्या ठोकळ्याचे वजन ३० टन होते.

आता ट्रेलर कसा असतो ते थोडक्यात सांगितले पाहिजे. पुढे ओढणारी गाडी असते. तिला ह्या धंद्यातील लोक 'घोडा' म्हणतात. घोड्याच्या पाठीवर एक जाड लोखंडी ताट असते आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालची एक पीन त्या ताटात अडकते. ट्रेलरचे पुढचे टोक अशा रीतीने घोड्याच्या पाठीवर टेकलेले असते आणि मागचे टोक स्वतःच्या चाकांवर. मामांच्या गाडीस सहा आस होते. आस म्हणजे गाडीवानांच्या भाषेत एक्सल. एक घोड्याच्या पुढच्या चाकांचा, दोन घोड्याच्या मागच्या चाकांचे, व तीन ट्रेलरच्या मागच्या अंगाचे. चाके एकंदर बावीस.

केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये ह्या भाराच्या मर्यादा वाढवून दिल्या. त्याप्रमाणे अशा सहा आसांच्या गाडीचे मालासह एकूण वजन ५५ टनांपर्यंत चालते. परंतु नियम तेथेच थांबत नाही. दोन आसांच्या जोडीवर २१ टनांहून अधिक भार येता कामा नये, आणि तीन आसांच्या संचावर २७ टनांहून अधिक. म्हणजे एकूण वजन नियमात असूनही गाडी नियमाबाहेर असू शकते. हे वाक्य मामांनी मला दोनदा म्हणावयास लावले. मी ते पोपटासारखे म्हटले, आणि विसरलो.

माल नेमका कोठे ठेवावयाचा हे मामा अंगणातल्या मातीवर काडीने आकृती काढून ठरवीत. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु तरफेचा नियम त्यांना आमच्या वर्गातील कोणाहीपेक्षा चांगला ठाऊक होता. ते म्हणाले, "दोघे जण बांबूला पाण्याची घागर अडकवून नेत असले, तर ज्याच्या जवळ घागर त्याला जड. इथे पुढचा माणूस म्हणजे घोडा आणि मागचा माणूस म्हणजे ट्रेलरची चाके. बांबू नऊ मीटरांचा."

पिनेपासून मागच्या तीन आसांच्या मध्यापर्यंतचे अंतर ९ मीटर होते. ऐरण पिनेपासून ५ मीटर ४० सेंटिमीटरांवर ठेवली, तर ३० टनांपैकी १२ टन घोड्यावर येतील व १८ टन मागे जातील. गाडीचे स्वतःचे वजन त्यात मिळविले, म्हणजे घोड्याच्या पुढच्या चाकांवर ५ टन, त्याच्या मागच्या जोडीवर साडेएकोणीस टन आणि ट्रेलरच्या तीन आसांवर साडेपंचवीस टन. एकूण ५० टन. सर्व काही मर्यादेच्या आत. ह्या हिशेबातून एक गमतीची गोष्ट निघते. तीस टनांचा माल नऊ मीटरांच्या बांबूवर ३० सेंटिमीटर सरकला, की बरोबर एक टन ओझे एका माणसाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. एक फूट, एक टन! फार मागे गेला तर चढावर घोड्याच्या चाकांना पकड राहत नाही, ती जागीच फिरतात. फार पुढे आला तर घोड्याचे टायर व ब्रेक तापतात, आणि उतारावर तर मागचे सारे ओझे घोड्याच्या पाठीवर आणखीच रेटते.

चाकणच्या त्या आवारात संध्याकाळी क्रेन आली. मामांनी माझ्या हाती खडू व मोजपट्टी दिली. पिनेच्या बरोबर वर ट्रेलरच्या बाजूस तांबड्या रंगाची खूण होती. तेथून मोजून मी फळीवर आडवी रेघ ओढावयाची आणि क्रेनवाल्याने ऐरणीचा मध्य त्या रेघेवर आणावयाचा. पट्टी जुनी होती. तिचे पहिले ९० सेंटिमीटर तुटून गेले होते. मामांनी बजावले, "पट्टीवर सहा मीटर तीस वाचायचे, म्हणजे खरे पाच मीटर चाळीस होतील." मी मान डोलावली. परंतु एवढी मोठी क्रेन, तिचा तो लांब हात आणि हवेत तरंगणारी ती ऐरण पाहण्यात माझे सारे चित्त होते. मी पट्टी धरली, ५.४० वाचले आणि रेघ ओढली.

ऐरण रेघेवर बसली. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. क्लीनर साखळ्या आवळू लागला, आणि त्या साखळ्यांच्या खडखडाटातच माझ्या मनात लख्ख प्रकाश पडला. रेघ ९० सेंटिमीटर पुढे पडली होती!

त्या क्षणी क्रेन तेथेच उभी होती. एक शब्द बोललो असतो तर पाच मिनिटांत ऐरण मागे सरकली असती. मी बोललो नाही. आत्ताच शाबासकी मिळाली होती. ती इतक्या लवकर परत करावयाची माझी तयारी नव्हती. मी स्वतःची समजूत घातली. एवढ्या लांब ट्रेलरवर ९० सेंटिमीटर ते काय? वजन तर तेवढेच राहणार ना? आणि खरोखरच कारखान्याच्या काट्यावर गाडी चढली तेव्हा पावती ५० टनांची आली. मामांनी आस वेगवेगळे मोजू द्या म्हणून विनंती केली. पण मागे गाड्यांची रांग लागली होती, काटेवाला ऐकेना. माझ्या जिवात जीव आला. पावतीनेच माझ्या चुकीवर पांघरूण घातले, असे मला वाटले.

पुणे मागे पडले. मामा अधूनमधून गाडी उभी करीत, उतरून प्रत्येक टायरवर हात ठेवीत, साखळ्या हलवून पाहत. दुसऱ्या वेळी ते घोड्याच्या मागच्या टायरांजवळ बराच वेळ उभे राहिले. "आज घोडा जरा बसलेला दिसतो," एवढेच म्हणाले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. नीरा नदीचा पूल ओलांडून आम्ही सातारा जिल्ह्यात शिरलो, तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. पुढे खंबाटकीचा घाट. शिरवळच्या अलीकडेपलीकडे मामांच्या ओळखीचा एक वजनकाटा होता. तेथे त्यांनी गाडी वळविली.

वजनकाट्यास आपल्याकडे धर्मकाटा म्हणतात. ह्या शब्दाचा अर्थ मला त्या रात्री समजला. मामांनी प्रथम घोड्याची पुढची चाके तेवढी काट्यावर घेतली, आणि ब्रेक सोडून गाडी मोकळी उभी केली. कारण ब्रेक आवळलेले असले तर काटा खरे बोलत नाही. आकडा आला ५ टन. मग घोडा पुरता काट्यावर घेतला, साडेसत्तावीस टन. मग सबंध गाडी, ५० टन. वजाबाकी करावयास कागद लागला नाही. घोड्याच्या मागच्या जोडीवर साडेबावीस टन! मर्यादेहून दीड टन अधिक, आणि मामांनी योजिलेल्या भाराहून तीन टन अधिक. नव्वद सेंटिमीटर, तीन टन.

मामांनी टोपी काढून कपाळ पुसले. "त्या क्रेनवाल्याने रेघ पाहिलीच नसणार," ते क्लीनरला म्हणाले. "चांगला माणूस म्हणून त्याच्यावर सोडले. उद्या त्याच्या मुकादमाला कळविलेच पाहिजे." इतक्यात मालकांचा फोन आला. फोनवरील बोलणे मला ऐकू येत होते. दीड टनाने काय बिघडते, रात्रीची वेळ आहे, कोणी अडविणार नाही, घाट चढून जा, असे ते सांगत होते. मामा शांतपणे म्हणाले, "मालक, गाडी सकाळी निघेल."

माझे पाय कापू लागले. आतापर्यंत माझे मौन हे माझ्यापुरतेच होते, असे मी मानीत होतो. आता ते मौन एका निरपराध माणसाच्या पोटावर पाय देऊ पाहत होते. ज्या क्रेनवाल्याने माझी रेघ केसाएवढीही न चुकविता पाळली होती, तोच दोषी ठरत होता. शास्त्रात खोट्या तराजूचा धिक्कार केलेला आपण प्रार्थनेच्या वेळी अनेकदा ऐकतो. आपण कधी वाणी होणार नाही, तेव्हा ते आपल्यासाठी नाही, असे मला वाटत असे. मी पुढे झालो आणि म्हणालो, "मामा, क्रेनवाल्याला काही म्हणू नका. रेघ मीच चुकविली. पट्टीतले नव्वद मी धरलेच नाहीत."

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "केव्हा लक्षात आले?"

"साखळ्या आवळताना," मी म्हणालो.

ते म्हणाले, "मोजण्यात चुकलास, त्याचे काही नाही. पट्टी तुटकी, ती मीच बदलायला हवी होती. पण साखळ्या आवळताना क्रेन तिथेच उभी होती रे." एवढे बोलून ते गाडी बाजूस लावावयास गेले. त्यांनी मला मारले असते तर मला इतके लागले नसते.

त्या रात्री आम्ही गाडीतच मुक्काम केला. मला झोप लागेना हे पाहून मामा मला जवळच उभ्या असलेल्या एका प्रचंड ट्रेलरकडे घेऊन गेले. त्यावर विजेचा ट्रान्सफॉर्मर होता. त्या ट्रेलरच्या प्रत्येक ओळीस आठ टायर, आणि अशा ओळीमागून ओळी. प्रत्येक चाकजोडीवर तेलाच्या दाबाने चालणारा दट्ट्या होता आणि ते दट्टे नळ्यांनी एकमेकांस जोडलेले होते. आपण विज्ञानाच्या पुस्तकात पास्कलचा नियम शिकतो, की कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्वत्र सारखा पसरतो. तोच नियम येथे राबत होता. एखादे चाक खड्ड्यात गेले तर त्याचा दट्ट्या लांबतो, एखादे उंचवट्यावर चढले तर आखडतो, आणि भार सर्वांवर सारखाच राहतो. हे सर्व दट्टे मिळून सहसा तीन गट करतात. तीनच का, असे मी विचारले. मामा म्हणाले, "तिवई कधी डुगडुगताना पाहिली आहेस का?"

मग त्यांनी मला त्या ७४ चाकांच्या गाडीची गोष्ट सांगितली, जी जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघाली आणि टाळेबंदीमुळे मध्ये खोळंबून जुलै २०२० मध्ये तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात पोहोचली. तिच्यावर सुमारे ७० टनांचे एक यंत्र होते. "वर्ष लागले," मामा म्हणाले, "पण पोहोचली. आमच्या धंद्यात पोहोचणे हीच घाई."

आणि मग, काळोखात, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ते स्वतः क्लीनर होते तेव्हा त्यांचे उस्ताद एका उतारावर अशीच पुढे झुकलेली गाडी नेत होते. पावती बरोबर होती. तापलेला टायर फुटला, गाडी कठड्यावर आदळली आणि उस्तादांचा एक पाय कायमचा गेला. "पावती बरोबर होती," मामा पुन्हा म्हणाले. त्यानंतर आम्ही दोघेही बोललो नाही.

पहाटे त्या ट्रान्सफॉर्मरच्या ट्रेलरवरील खलाशी मदतीस आले. अवजड माल जॅकने उचलणाऱ्या व सरकविणाऱ्या कामकऱ्यांस खलाशी म्हणतात. प्रथम साखळ्या सोडल्या. चार कोपऱ्यांस चार जॅक लावून त्यांनी ऐरण बोटभर उचलली, खाली ग्रीस लावलेल्या पोलादी पट्ट्या सरकविल्या, आणि चेनपुलीने ती तसूतसूने मागे ओढू लागले. एक जण साखळी ओढी, एक जण पट्ट्यांवर नजर ठेवी, कोणीही ओरडत नसे. ऐरण हलण्यापूर्वी मामांनी मला हाक मारली. त्यांनी ती तुटकी पट्टी पुन्हा माझ्याच हाती दिली आणि म्हणाले, "रेघ ओढ."

माझा हात थरथरत होता. मी ६.३० वाचले, क्लीनरला वाचावयास सांगितले, पुन्हा स्वतः वाचले, आणि मग रेघ ओढली. दोन तासांनी ऐरणीचा मध्य तिच्यावर आला. साखळ्या पुन्हा आवळल्या. काट्यावर आकडे आले ते असे: पाच, साडेएकोणीस, साडेपंचवीस. एकूण ५०, कालच्याइतकेच. खलाशांची मजुरी मामांनी स्वतःच्या खिशातून दिली, आणि आईस त्याविषयी अवाक्षर कळू दिले नाही. आज हा लेख वाचून तिला ते कळेल.

घाट आम्ही सावकाश चढलो व सावकाश उतरलो. उतारावर मामांनी मधूनच माझ्याकडे पाहिले आणि ते हसले. त्या हसण्याची किंमत मी कोणत्याही बक्षिसाहून अधिक मानतो.

शाळा सुरू झाल्यावर मी ही हकीकत आमच्या विज्ञानाच्या गुरुजींस सांगितली. त्यांनी मला अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाची माहिती दिली. १९५८ ते १९६० ह्या काळात इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून लष्कराच्या जवानांकडून मालमोटारी सतत चालविण्यात आल्या आणि कोणत्या भाराने रस्ता किती झिजतो हे पाहण्यात आले. त्यातून असे आढळले, की आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही. ती ढोबळ मानाने सोळापट होते, म्हणजे भाराच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. मी घरी बसून आमच्या गाडीचा हिशेब केला. ऐरण पुढे असताना मागच्या तीन आसांचा भार हलका झाला होता, हे खरे. तोही जमेस धरला. तरीसुद्धा गाडीने रस्त्याची केलेली एकूण झीज सुमारे सव्वापट निघाली. वजन तेच, चाके तीच, रस्ता तोच. फरक एका रेघेचा.

चाकणपासून शिरवळपर्यंतचा रस्ता त्या रात्री माझ्या चुकीचे ओझे मुकाट्याने वाहत होता. घोड्याचे आठ टायर वाहत होते. मामा वाहत होते, आणि काही क्षण तो क्रेनवालाही वाहू लागला होता. ज्याने ते वाहावयास हवे होते तो मात्र खिडकीबाहेर पाहत बसला होता. वर्गात, घरात, खेळाच्या मैदानावर आपल्या हातून अशा रेघा रोज ओढल्या जातात. एकूण बेरीज बरोबर येते, आणि आपण निश्चिंत होतो. अशा वेळी मला ती वजाबाकी आठवते. पावती पाहून समाधान मानण्यापूर्वी एकेका आसाखाली किती भार पडला आहे, आणि तो कोणाच्या वाट्याचा होता, हे एकदा पाहावे. आणि चूक आपली असल्यास क्रेन उभी आहे तोवर बोलावे.

ती तुटकी पट्टी मामांनी पुढे बदलली. जुनी मी मागून घेतली. ती माझ्या मेजाच्या खणात आहे, आणि तिचा पहिला आकडा नव्वद आहे.